फाइल सापडली, साहेब

'गोपनीय' हा शिक्का माझ्या टेबलाच्या वरच्या खणात असायचा. लाकडी मुठीचा, रबर झिजलेला. 'गो'चा काना पुसट उमटायचा, त्यामुळे नीट दाबला नाही तर कागद 'गेपनीय' व्हायचा. नोकरीत आयुष्य गेलं, त्यात हा शिक्का मी किती कागदांवर मारला ते सांगता येणार नाही. एवढं मात्र खात्रीनं सांगते, की त्यातल्या बहुतेक कागदांत देशाचं काही गुपित नव्हतं. कुणाच्या तरी चुकीवर, आळसावर किंवा भित्रेपणावर आम्ही झाकण घालत होतो, आणि झाकण घालणारा हात माझा होता.

मी अभिलेख कक्षात होते. लोक त्याला रेकॉर्ड रूम म्हणतात. आधी अकोल्याला, मग बरीच वर्षं अमरावतीला, आणि शेवटी शिक्षा म्हणून परत अकोल्याला. कार्यालयांची नावं लिहीत नाही. जे तिथे होते त्यांना ती ठाऊक आहेत, बाकीच्यांना त्यांचं काम नाही.

रेकॉर्ड रूमचं काम बाहेरून धूळ खाण्याचं वाटतं. निम्मं तसंच आहे. लाल कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, त्यांना बस्ते म्हणतात, ते रॅकवर वर्षानुसार लावायचे. प्रत्येक कागदाला अ, ब, क किंवा ड असा वर्ग असतो. 'अ' म्हणजे कायम जपायचा, 'ड' म्हणजे वर्षभरात टाकून द्यायचा. मधले दोन आपापल्या मुदतीनं मरतात. दरवर्षी मुदत संपलेले कागद काढून नष्ट करायचे, या कामाला सरकारी भाषेत निंदणी म्हणतात. शब्द शेतातला आहे आणि अर्थही तोच. तण काढायचं, पीक ठेवायचं. माझी आई दुसऱ्यांच्या वावरात रोजानं निंदायला जायची. मी तिला एकदा सांगितलं, "आई, मीबी हाफिसात निंदतेच." ती म्हणाली, "निंद, पण पीक उपटू नको." साहेब लोकांना निंदणीच्या ज्या ट्रेनिंगला पाठवत, त्यात एवढं थोडक्यात कुणी सांगितलं नसेल.

अमरावतीला आमच्याकडे एक लोखंडी कपाट होतं. जुनी इमारत रिकामी करताना गुप्त वार्तांच्या शाखेचे जुने बस्ते आमच्याकडे 'तात्पुरते' ठेवले गेले, आणि सरकारात तात्पुरतं ठेवलेलं जसं राहतं तसे ते राहिले. त्यात होते साध्या वेशातल्या शिपायांचे अहवाल. इंग्रजांच्या वेळचे थोडे, स्वराज्यातले पुष्कळ. कोणत्या गावात सभा झाली, कोण बोललं, किती माणसं होती, कोणी टाळ्या वाजवल्या. राज्य बदललं तरी लिहिणाऱ्याचं अक्षर आणि ऐकणाऱ्याचा संशय बदलला नव्हता. अहवाल 'अ' वर्गात होते, म्हणजे कायम जपायचे. पण दाखवायचे कुणालाच नाहीत. कायम जपायचं आणि कायम लपवायचं, यातला विनोद मला समजायला काही वर्षं गेली.

माहितीचा अधिकार आला आणि माणसं दारात उभी राहू लागली. त्यातले काही मासले असे होते की घरी जाऊन हसावं. एक पांढऱ्या कपड्यातले पुढारी आले. आजोबांवर इंग्रजांची पाळत होती, ते क्रांतिकारक होते, गावात त्यांच्या नावानं कमान उभारायची आहे, पुरावा द्या. पुरावा निघाला. शिपायानं लिहिलं होतं, 'सदर इसम निरुपद्रवी. भजनात टाळ वाजवतो, तोही बेताल.' पुढाऱ्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि मला हळूच म्हणाले, "मॅडम, हे पान इथंच राहू द्या ना." मी म्हटलं, "इथंच राहील साहेब, कायमचं. 'अ' वर्ग आहे." कमान उभी राहिली म्हणतात. असो, टाळकऱ्याची कमान झाली तर वाईट काय.

पण सगळ्यांवर हसता येत नव्हतं. अकोल्याचे एक निवृत्त गुरुजी होते. त्यांचा थोरला भाऊ तरुणपणी एका मोर्चानंतर घरी आला नाही. पोलिसांनी धरला, की पळाला, की मेला, कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी अर्ज केला. फाइल माझ्या कपाटात होती, मी स्वतः पाहिली होती. साहेबांनी टाइप केलेलं उत्तर पुढे सरकवलं : 'सदर अभिलेख आढळून येत नाही.' खाली माझी सही हवी होती, कारण शोध घेणारी मी. मी म्हटलं, "साहेब, आहे ती." ते म्हणाले, "मला माहीत आहे. म्हणूनच सही करा." मी केली. नोकरीत मुरलेली होते, दोन मुलं शिकत होती, आणि आमच्या अख्ख्या कुटुंबात सरकारी नोकरीला लागलेली मी पहिली होते. ही सगळी कारणं खरी आहेत. त्यातलं एकही पुरेसं नाही.

गुरुजी त्यानंतरही यायचे. एस.टी.नं अमरावतीला यायचे, माझ्यासमोर बसायचे, विचारायचे, "बाई, पुन्हा एकदा पाहता का? एखाद्या वेळी दुसऱ्या बस्त्यात गेली असेल." मी पाहण्याचं नाटक करायची. रॅकमधून फेरी मारून यायची आणि मान हलवायची. मग ते येईनासे झाले. त्यांच्या मुलाचं पत्र आलं, वडील वारले, आपण त्यांना दिलेल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत. सहकार्य हा शब्द वाचून मी ते पत्र उलटं ठेवलं. पुन्हा अशी सही करायची नाही, हे त्याच दिवशी ठरलं.

सुगंधाबाई त्यानंतर आल्या.

पंचाहत्तरीच्या बाई, अकोल्याच्या एका दालमिलमध्ये जन्म घालवलेला. सोबत कुणी नव्हतं. अर्ज नातीनं लिहून दिला होता, खाली त्यांचा अंगठा. वडिलांचं नाव किसन तायडे. माझ्या टेबलाशी येऊन त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "बाई, माहा बाप पोलिसायचा खबऱ्या होता काय, थे तुमच्या कागदात लिवलं असन ना?"

मी म्हटलं, "बसा. आधी सांगा तर खरं."

त्यांनी सांगितलं ते असं. पूर्णाकाठच्या त्यांच्या गावात गायरान होतं, सरकारी पड जमीन. गावातली भूमिहीन बौद्ध कुटुंबं ती कसायला मागत होती. अर्ज करून करून थकल्यावर सगळ्यांनी ठरवलं, एका सकाळी नांगर घालायचा. किसन तायडे जलसा करायचा, गावोगाव गाणी म्हणायचा, लोकांना तयार करण्यात तोच पुढे होता. ठरलेल्या सकाळी माणसं नांगर घेऊन पोहोचली, तर पोलीस आधीच येऊन उभे. बाया-माणसं सगळी धरली. त्यात एक पोटुशी बाई होती. ती तुरुंगात बाळंत झाली आणि लेकरू गेलं. किसन मात्र त्या दिवशी गावात नव्हता. दोन दिवसांनी परतला तेव्हा गावानं ठरवून टाकलं होतं, खबर त्यानंच दिली.

"माहा बाप शपथा घे, रडे. कोणी आयकलं नाही," सुगंधाबाई म्हणाल्या. "विहिरीवर आमाले पाणी भरू देईनात. ज्या लोकायले दुसऱ्यायनं पाणी भरू दिलं नव्हतं, त्यायनंच आमाले नाही म्हटलं. मी आठ-नऊ वर्साची असन. बापानं गाव सोडलं. अकोल्याले कापसाच्या जिनात काम केलं. त्या दिवसापासून त्यानं तोंडातून गाणं काढलं नाही. मेला तरी गावातून मातीले कोणी आलं नाही."

"आता इतक्या वर्षांनी का?" मी विचारलं.

"माह्या नातीचं लग्न जमत होतं. पोरगा त्याच गावचा निंगाला. गावातून निरोप आला, खबऱ्याच्या घरची पोरगी नाही पाह्यजे. बाप गेला, मी जाईन. पण पोरीच्या पोरीलेबी हे पुरून रायलं, म्हून आली. असन तर असन म्हणा. नसन तर लिहून द्या."

त्या गेल्यावर मी कपाट उघडलं. किसन तायडेची फाइल होती, जाडजूड. दुपारभर वाचली.

किसन तायडे खबऱ्या नव्हता. त्याच्यावर खबरे होते. दोन वर्षं एक शिपाई साध्या कपड्यांत त्याच्या मागे गावोगाव फिरत होता. किसन काय खातो, कुणाकडे उतरतो, कोणतं गाणं म्हणतो, सगळं लिहिलेलं. ज्या दिवशी गायरानात धरपकड झाली त्या दिवशीचाही अहवाल होता : किसन रिद्धपूरच्या बाजूच्या एका खेड्यात जलशासाठी गेला आहे, आदल्या दिवसापासून तिथेच आहे, गावी काय झालं याची त्याला वार्ता नाही, संध्याकाळी ती कळल्यावर 'इसम रडला व जेवला नाही.' ज्या माणसासाठी कुणी साक्ष द्यायला उभं राहिलं नाही, त्याची साक्ष पाळतीवरच्या शिपायानं लिहून ठेवली होती, आणि आम्ही ती कुलपात ठेवली होती.

आणि गाणी. शिपायाला हुकूम होता की आक्षेपार्ह गाणी शब्दशः लिहावीत. त्यानं पानंच्या पानं लिहिली होती. एक असं :

गायरान तापलं उन्हात, माती मागते नांगर रं
सात-बाराच्या कागदावर, कुणाचं नाव ते सांग रं

खाली शिपायानं शेरा मारलेला : 'गाणे आक्षेपार्ह वाटते, परंतु चाल चांगली आहे.' त्याच्या शेजारी वरिष्ठांच्या लाल शाईत : 'चालीविषयी मत नोंदवू नये.'

अहवालात एक पान आणखी होतं, घडीवर शाई पुसट झालेलं, बारीक गिचमिड अक्षराचं. धरपकडीच्या तीन दिवस आधीचं. त्यात नांगर घालण्याची खबर कुणी दिली त्याचं नाव होतं. सखाराम म्हणून एक माणूस, त्याच गावचा, त्याच वस्तीतला. 'सदर इसमाने आपले ओसरीवर बसून खबर दिली.' एवढंच.

मी कार्यालयाला लेखी टिपणी देऊन कळवलं, फाइल आहे. दोन दिवसांनी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद तयार होता. वाक्य तेच.

"सही करा, वानखडे मॅडम."

"नाही साहेब."

"हे गुप्त वार्तेचं रेकॉर्ड आहे. कायद्यात त्याला सूट आहे."

"मग तसं लिहा, की सूट आहे म्हणून देत नाही. बाई अपिलात जाईल, तिथे ठरेल. पण आढळत नाही असं मी लिहिणार नाही. मला ती आढळली आहे."

साहेब वाईट माणूस नव्हते, हे सांगायला हवं. निवृत्तीला आलेले होते, त्यांना भानगड नको होती. त्यांनी आवाज मऊ केला. "अहो, कोण किसन तायडे? मेलेला माणूस. जुने वाद उकरून गावात डोकी फुटली तर जबाबदार कोण? गुप्तता कधीकधी लोकांच्या भल्यासाठी असते."

"त्याच्या पोरीला विहिरीवर पाणी भरू दिलं नाही साहेब. ते भलं कुणाचं?"

त्यावर ते म्हणाले, "ठीक आहे. या वर्षीच्या निंदणीच्या यादीत ती फाइल टाका."

इतका वेळ मी उभी होते. मी खुर्ची ओढून बसले. साहेबांच्या समोर न विचारता बसायची माझी ती पहिली वेळ. "'अ' वर्गाचा कागद निंदणीत घालता येत नाही. नष्ट करण्याच्या दाखल्यावर अभिलेखपालाची सही लागते, आणि ती मी करणार नाही. दुसऱ्या कुणाकडून करून घेतलीत तर मी लेखी कळवीन."

घरी येऊन मिस्टरांना सांगितलं. ते अमरावतीत, आम्ही राहतो त्या राजापेठेतल्याच एका शाळेत शिक्षक. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सही केली नाहीस ते बरं केलंस. आता अकोल्याच्या अप-डाऊनचा पास काढून ठेव."

सुगंधाबाईंना उत्तर गेलं ते तिसरंच : 'माहितीचा शोध सुरू आहे.' ही सरकारची आवडती जागा, हो आणि नाही यांच्या मधली. मुदत उलटली तसं त्यांनी अपील केलं. अपिलाची सुनावणी आमच्याच कार्यालयात, वरिष्ठ अधिकाऱ्यांपुढे. हे अधिकारी नवीन आलेले, तरुण, फारसं न बोलणारे. एका बाजूला सुगंधाबाई धुतलेलं पांढरं लुगडं नेसून, दुसऱ्या बाजूला आमचे साहेब, आणि मागे भिंतीशी मी.

साहेब म्हणाले, "सर, अभिलेख फार जुना आहे. शोध घेतला. बहुधा इमारत बदलताना गहाळ झाला असावा."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अभिलेखपाल तुम्ही? तुमचं काय म्हणणं? सापडत नाही ना?"

त्या खोलीत पंखा आवाज करत होता. साहेब माझ्याकडे पाहत नव्हते. मला गुरुजी दिसले, माझ्यासमोर बसलेले, पुन्हा एकदा पाहता का म्हणणारे.

"फाइल सापडली, साहेब," मी म्हणाले. "मी दोन महिन्यांपूर्वीच लेखी कळवलंय. त्या टिपणीचा आवक क्रमांक माझ्याकडे आहे. आत्ता पाहायची असेल तर पाच मिनिटांत आणते."

सुगंधाबाईंना आमची भाषा सगळी कळली नसावी. त्यांनी शेजारच्या शिपायाला विचारलं, "हाये म्हणते काय थे बाई?" तो म्हणाला, "हाये म्हणते." त्यांनी पदर तोंडाला लावला.

अधिकाऱ्यांनी फाइल मागवली, चाळली. साहेबांनी सूट, सुरक्षा, सामाजिक सलोखा, सगळं सांगून पाहिलं. अधिकाऱ्यांनी एवढंच विचारलं, "या गाण्यांनी आज कोणाची सुरक्षा धोक्यात येते?" निकाल लागला : प्रती द्याव्यात, मात्र इतर व्यक्तींची नावं झाकावीत.

नावं झाकायचं काम माझ्याकडे आलं नाही. 'आपण सदर प्रकरणी पूर्वग्रहदूषित असल्याने फाइल हाताळू नये' असा लेखी आदेश मला मिळाला. मी फक्त एक टिपणी दिली, की झाकायचं ते झेरॉक्स काढताना पट्टी लावून झाका, मूळ कागदाला शाई लावू नका. साहेबांनी स्वतः बसून पट्ट्या लावल्या. मग कारणे दाखवा नोटीस आली : वरिष्ठांच्या म्हणण्याच्या विरुद्ध विधान का केले? मी एका ओळीचा खुलासा दिला, विधान खरे होते म्हणून. महिन्याभरात अकोल्याची बदली. शेवटची तीन वर्षं अप-डाऊन केली. डब्यातली भाकरी रोज बडनेऱ्याला गार व्हायची. चालायचंच.

सुगंधाबाई प्रती घेऊन माझ्या घरी आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, त्यांना ते माझ्याकडूनच ऐकायचं होतं. मी वाचत गेले. 'इसम रडला व जेवला नाही' इथे त्या म्हणाल्या, "पुन्यांदा वाचा." पुन्हा वाचलं. गाणं आलं तसं त्यांनी मला थांबवलं आणि पहिली ओळ स्वतः म्हटली, चालीत. पुढचं त्यांना येत नव्हतं. लहानपणी ऐकलेली तेवढी एकच ओळ उरली होती. बाकीची गाणी सरकारनं सांभाळली होती, हे उपकार की काय म्हणायचं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि मग ते गिचमिड अक्षराचं पान आलं. त्यावर पट्टी नव्हती. साहेबांना ते अक्षर लागलंच नसावं. सखारामचं नाव स्पष्ट होतं, वाचणाऱ्याला वाचता आलं तर.

त्या वेळी मी कार्यालयाला कळवायला हवं होतं, की चूक झाली, पान परत घ्या. कळवलं नाही. हे मी आज पहिल्यांदा छापून आणते आहे. ज्यांना कारवाई करायची त्यांनी करावी. मी निवृत्त आहे, पत्ता तोच आहे.

मी सुगंधाबाईंना नाव वाचून दाखवलं. त्या ओळखत होत्या. सखाराम केव्हाच मेला होता. किसनकडे बोट दाखवणारा पहिला माणूस तोच होता, म्हणाल्या. त्याचा मुलगा पुंजाजी, एस.टी.त कंडक्टर होता, आता ऐंशीला आलेला, गावच्या विहार समितीचा अध्यक्ष. लग्नाचा निरोप त्यानंच पाठवला होता.

"नाव सांगणार तुम्ही गावात?" मी विचारलं. "मनात आलं तर सांगा, नाही तर नको. विचार करा."

"माह्या बापाचं नाव घ्याच्या आंधी कोणी इचार केल्ता काय?" त्या म्हणाल्या.

एका रविवारी दुपारी आम्ही दोघी त्या गावी गेलो. नोकरीत असताना असं जाणं बरोबर की चूक, मी पाहिलं नाही. रविवार माझा होता. सुगंधाबाईंनी आधी निरोप पाठवला होता, त्यामुळे विहारात पन्नासेक माणसं जमली होती, बाया एका बाजूला. मी उभी राहून वाचलं. शिपाई मागे फिरत होता तो भाग, धरपकडीच्या दिवशी किसन कुठे होता तो भाग, आणि गाणी. चालीविषयी मत नोंदवू नये, इथे पोरं हसली. म्हातारी माणसं हसली नाहीत.

वाचून झाल्यावर पुंजाजी उठले. उंच, वाळलेले, हातात काठी. "कागद सरकारचा हाये," ते म्हणाले. "सरकार खोटंबी लिवते. आपल्या लोकायबद्दल सरकारनं कधी खरं लिवलं?"

सुगंधाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "मंग तुमचा कागद आना. तुमी इतके वर्सं मले खबऱ्याची पोरगी म्हनता, कोन्त्या कागदावर लिवलं होतं थे?"

"मंग खबर देल्ली कोनं? कोनं तरी देल्लीच ना. किसन नोयता, तर कोन होता? हाये काय नाव?"

विहारात सगळे आमच्याकडे पाहायला लागले. माझ्या हातात ते पान होतं. मी सुगंधाबाईंकडे पाहिलं. त्या हळूहळू उठल्या, माझ्याजवळ आल्या, पान मागून घेतलं. मला वाटलं, आता त्या नाव घेतील. त्यांचा तो हक्क होता, आणि मी मनातल्या मनात त्याला तयार होते. त्या पान घेऊन पुंजाजींपर्यंत चालत गेल्या.

"तुमाले वाचता येते," त्या म्हणाल्या. "तुमीच वाचा. मनात वाचा आंधी."

पुंजाजींनी चष्मा लावला. पान उन्हाकडे धरलं. अक्षर गिचमिड होतं, त्यांना वेळ लागला. मग त्यांची मान खाली गेली. काठी भिंतीला टेकवून ते खाली बसले. पानाची त्यांनी घडी घातली नाही, ते फाडलं नाही. कुणीतरी मागून विचारलं, "काका, काय लिवलं हाये?" सुगंधाबाई परत आपल्या जागी जाऊन बसल्या. त्यांनी तिथून निघायचं म्हटलं असतं तर मी निघाले असते.

बऱ्याच वेळानं पुंजाजी उभे राहिले आणि कंडक्टर गावांची नावं पुकारतो तशा सरळ आवाजात म्हणाले, "सखाराम. माहा बाप."

मग पान सुगंधाबाईंच्या हातात परत देऊन ते विहाराबाहेर गेले. कुणी त्यांना अडवलं नाही. डोकी फुटली नाहीत. एक म्हातारी उठून सुगंधाबाईंजवळ येऊन बसली आणि त्यांचा हात हातात घेऊन रडत राहिली. ती तुरुंगात बाळंत झालेली बाई होती की तिची बहीण, मी विचारलं नाही. नातीचं ते लग्न काही झालं नाही. मुलीनंच नाही म्हटलं. म्हणाली, ज्या घराला आधी कागद लागतो त्या घरी मला जायचं नाही. मला ती मुलगी पटली.

मला पुष्कळ लोक म्हणाले, आणि त्यात माझी जवळचीही होती, की एका घरचा डाग पुसायला तू दुसऱ्या घराला लावलास. त्या म्हाताऱ्याची काय चूक होती? मी त्यावर विचार केला आहे. डाग मी लावला नाही. तो लागलेलाच होता, फक्त चुकीच्या दारावर होता, आणि सरकारला बरोबर दार ठाऊक असून ते गप्प होतं. साठ वर्षं एक कुटुंब जळालं ते त्या गप्प बसण्यानं. गुप्ततेनं सलोखा राहतो असं म्हणणाऱ्यांनी किसन तायडेच्या घरी एक दिवस राहून पाहायला हवं होतं.

मी निवृत्त झाल्यावर महिन्याभरानं पुंजाजी माझ्या घरी आले. राजापेठेत आमच्या खाली ट्यूशन क्लास आहे, जिन्यात मुलांच्या चपलांचा ढीग असतो. त्यातून वाट काढत काठी टेकत वर आले. चहा घेतला नाही. म्हणाले, "बाई, माह्या बापाची फाइल असन ना तुमच्याकडे?"

"माझ्याकडे आता काही नाही काका. असली तर कार्यालयात असेल."

"मले पाहा लागते थे." ते खाली पाहत बोलत होते. "काहून केलं असन त्यानं? मारलं असन काय पोलिसायनं? का कोन्या लालचीनं केलं? लेकरं होतो आमी पाच. थोच आमाले सांगे, किसन गद्दार हाये. मी मानलं. मी जनमभर थेच बोल्लो. आता मले समजलं पाह्यजे, माहा बाप कोन होता."

मी कागद काढला आणि त्यांचा अर्ज लिहायला बसले. नाव, पत्ता, हवी असलेली माहिती. त्यांनी विचारलं, कारण लिहायचं नाही का? मी सांगितलं, कायद्यानं कारण द्यावं लागत नाही. का पाहिजे हे विचारायचा सरकारला अधिकारच नाही.

अर्जाला उत्तर आलं, व्यापक जनहित लक्षात घेता माहिती देता येत नाही. आम्ही अपील केलं आहे. सुनावणी पुढच्या महिन्यात आहे, आणि पुंजाजींसोबत मी जाणार आहे. सुगंधाबाईंना कळवलं तर त्या म्हणाल्या, मीही येते. मी म्हटलं, "तुम्ही कशाला त्रास घेता? फाइल त्यांच्या वडिलांची आहे."

"बाप त्याचा हाये," त्या म्हणाल्या. "फाइल आपल्या सगळ्यायची हाये."